तापमान पाहून प्रोसेसरचा वेग कमी-जास्त कसा करावा

प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच आपला वेग उतरवतो, ही सोय आजची नाही. इंटेलने २००० साली बाजारात आणलेल्या पेंटियम ४ मध्ये चिपवरच तापमान ओळखणारी यंत्रणा होती आणि मर्यादा ओलांडली गेली की ती क्लॉकचे (चिपचे काम ज्या तालावर चालते त्याचे) ठोके मध्ये मध्ये गाळून चिपला उसंत देत असे. आजचे प्रोसेसर हेच काम पुष्कळ अधिक हुशारीने करतात, त्यामुळे चिप जळेल या भीतीपोटी कोणी स्वतःची व्यवस्था उभारण्याची गरज नाही. तरीही ती उभारावीशी वाटण्याला कारणे असतात. हार्डवेअरमधले संरक्षण अगदी कड्याच्या टोकावर, म्हणजे अनेक लॅपटॉप प्रोसेसरांत १०० अंश सेल्सियसच्या आसपास, जागे होते. तोपर्यंत पंखा पूर्ण ताकदीने घोंगावत असतो, लॅपटॉप हाताला चटके देऊ लागलेला असतो आणि वेग सतत हिंदकळत असल्याने एखादे लांबलचक काम किती वेळात पुरे होईल याचा अंदाज बांधता येत नाही. पंख्याविना बंद डबीत बसवलेल्या छोट्या संगणकाच्या बाबतीत तर हा त्रास रोजचाच होतो.

पुढील मार्गदर्शन मुख्यतः लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांसाठी आहे, कारण तेथे तापमान आणि वेग या दोन्ही गोष्टी साध्या फाइलींतून वाचता-लिहिता येतात. फाइलींची आणि प्रोग्रॅमची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मूळ फाइलनावांत शब्द बहुधा अंडरस्कोअरने जोडलेले असतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: वेग कधी उतरवायचा हे ठरवणे सोपे असते, खरी मेख असते ती तो परत कधी चढवायचा हे ठरवण्यात.

वेग उतरवल्याने उष्णता किती घटते

चिपमधील स्विचिंगमुळे खर्च होणारी वीज ही वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केवळ वेग १० टक्क्यांनी कमी केला आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले, तर हा खर्चही १० टक्क्यांनीच घटतो. परंतु कमी वेगाला कमी व्होल्टेज पुरते, आणि वेगासोबत व्होल्टेजही १० टक्क्यांनी खाली आले तर खर्च मूळच्या सुमारे ७३ टक्क्यांवर येतो, म्हणजे दहा टक्के वेग देऊन सत्तावीस टक्के उष्णता वाचवता येते. नुसते ठोके गाळण्याच्या जुन्या पद्धतीत हा फायदा मिळत नसे, म्हणूनच पुढच्या पिढ्यांत वेग आणि व्होल्टेज दोन्ही एकत्र उतरवण्याची पद्धत आली.

या हिशेबाला एक तळही आहे. ठरावीक वेगाच्या खाली व्होल्टेज आणखी उतरवता येत नाही आणि तेथून पुढे वेग जितका कमी कराल तितकीच, त्याहून जास्त नव्हे, उष्णता कमी होते. त्यामुळे यंत्र जरा तापले की थेट सर्वांत खालच्या वेगावर नेणे हा तोट्याचा सौदा ठरतो. दुसरीकडे, चिप जितकी गरम तितकी तिच्यातून वाया जाणारी गळतीची वीजही जास्त, म्हणून वरच्या टोकाला थोडा आवर घातला तरी अपेक्षेपेक्षा किंचित जास्तच लाभ पदरात पडतो. थोडक्यात, कात्री वरच्या टोकालाच लावावी.

आधी पंखा, मग प्रोग्रॅम

चिपचे स्थिर तापमान म्हणजे ढोबळमानाने खोलीचे तापमान अधिक विजेचा खर्च गुणिले प्रति वॅट होणारी तापमानवाढ. समजा, चिप ३० वॅट खर्च करते आणि तिच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, व्यवस्थेत दर वॅटमागे तापमान २ अंशांनी चढते. तर २५ अंशांच्या खोलीत ती ८५ अंशांवर स्थिरावेल आणि ३५ अंशांच्या खोलीत ९५ वर. त्या गरम खोलीतही ८५ अंश राखायचे असतील तर खर्च २५ वॅटवर आणावा लागेल आणि वेगाबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरत असेल तर त्यासाठी वेग केवळ ६ टक्क्यांच्या आसपास घटवावा लागतो. दहा अंशांच्या बदल्यात सहा टक्के वेग ही किंमत बहुतेक कामांत जाणवतही नाही.

मात्र पंख्यात धूळ साचून किंवा थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) वाळून तीच तापमानवाढ दर वॅटमागे २ ऐवजी ३ अंशांवर गेली असेल, तर २५ अंशांच्या खोलीतही ८५ अंश राखण्यासाठी खर्च २० वॅटवर आणावा लागेल. अशा वेळी वेगाशी खेळत बसणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. म्हणून प्रथम यंत्र उघडून पंखा आणि हवेचे मार्ग साफ करावेत, पंखा मोकळा फिरतो याची खात्री करावी, पेस्ट जुनी असल्यास बदलावी आणि त्यानंतरच पुढे जावे.

तापमान कोठून वाचावे

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तापमानाचे आकडे दोन ठिकाणी देते. सिस डिरेक्टरीतील क्लास या उपडिरेक्टरीत थर्मल नावाची एक आणि एचडब्ल्यूमॉन नावाची दुसरी डिरेक्टरी असते. थर्मलमध्ये प्रत्येक विभागासाठी थर्मल झोन या नावाची, पुढे क्रमांक असलेली डिरेक्टरी मिळते आणि तिच्यात टेम्प नावाच्या फाइलमध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते. ७२००० हा आकडा दिसला तर तो ७२ अंश समजावा. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे सोयीचे आहे, कारण अपूर्णांकांशी झगडावे लागत नाही.

येथे नवख्यांची हमखास फसगत होते. शून्य क्रमांकाचा झोन हाच प्रोसेसर असेल असे गृहीत धरले जाते, परंतु अनेक यंत्रांत तो एसीपीआयचा, म्हणजे बायोसकडून माहिती घेणाऱ्या व्यवस्थेचा, झोन असतो आणि त्यातला आकडा मदरबोर्डचा, संथ किंवा चक्क न हलणारा असू शकतो. प्रत्येक झोनच्या डिरेक्टरीत टाइप नावाची फाइल असते, ती वाचून मगच झोन निवडावा. इंटेलच्या यंत्रांवर एक्स८६ पीकेजी टेम्प या नावाचा झोन संपूर्ण चिपचे तापमान सांगतो. एचडब्ल्यूमॉनमध्ये इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प हे ड्रायव्हर पाहावेत. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर या क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांक कधीही पक्का लिहू नये, दर वेळी नावावरून शोधावा.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हाही प्रश्न आहे. इंटेलचे सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासूनचे अंतर मोजतात आणि त्या मर्यादेच्या जवळ ते अधिक अचूक असतात. थंड यंत्रावरच्या दोन-चार अंशांच्या फरकाला म्हणून फारसा अर्थ नसतो. एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या सुरुवातीच्या प्रोसेसरांत तर नियंत्रणासाठी दिला जाणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा २० अंशांनी जास्त असे, आणि ते ठाऊक नसलेल्या कित्येकांनी विनाकारण कूलर बदलले असतील. एकाहून अधिक सेन्सर असतील तर सरासरी काढू नये, सर्वांत जास्त आकडा धरावा, कारण चिपचा सर्वांत गरम कोपराच मर्यादा ठरवतो.

वेगाला लगाम कोठून घालावा

वेग नेमका किती असावा हे स्वतः ठरवू नये. तो जास्तीत जास्त किती असावा एवढेच ठरवावे. हा फरक महत्त्वाचा आहे. क्षणोक्षणी कामाच्या भाराप्रमाणे वेग निवडण्याचे काम कर्नलचा गव्हर्नर, उदाहरणार्थ शेडयूटिल किंवा ऑनडिमांड, आपल्यापेक्षा कितीतरी चांगले करतो आणि आपण केवळ त्याच्या डोक्यावरचे छप्पर वर-खाली करायचे असते.

हे छप्पर सिस, डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू, सीपीयूफ्रीक अशा मार्गाने गेल्यावर पॉलिसी नावाच्या क्रमांकित डिरेक्टऱ्यांत सापडते. तेथील स्केलिंग मॅक्स फ्रीक या फाइलमध्ये किलोहर्ट्झमध्ये आकडा लिहायचा असतो: २.४ गिगाहर्ट्झसाठी २४०००००. शेजारच्या सीपीयूइन्फो मिन फ्रीक आणि सीपीयूइन्फो मॅक्स फ्रीक या फाइलींत हार्डवेअरची खालची-वरची हद्द मिळते. ज्या चिपवर लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे कोअर असतात तेथे प्रत्येक प्रकाराची पॉलिसी वेगळी असू शकते, म्हणून सर्व पॉलिस्यांवरून फेरी मारावी आणि जास्त उष्णता ज्यांची, त्या मोठ्या कोअरांना आधी आवर घालावा. लिहिण्यासाठी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. हाताने प्रयोग करायचे असल्यास सीपीयूपॉवर हा प्रोग्रॅम हेच काम एका ओळीत करतो.

इंटेलच्या पीस्टेट ड्रायव्हरवर याशिवाय दोन सोयी आहेत: कमाल कामगिरीची टक्केवारी ठरवणारी मॅक्स पर्फ पीसीटी ही फाइल आणि टर्बो (नेहमीच्या वेगाच्या वर जाण्याची चिपची सोय) बंद करणारी नो टर्बो ही फाइल. माझ्या मते लॅपटॉप शांत हवा असेल तर केवळ टर्बो बंद करून पाहणे हा पहिला उपाय असावा. टर्बोमधील शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सर्वांत चढ्या व्होल्टेजवर मिळवलेले असतात, म्हणजे सर्वांत महाग असतात. निम्म्या वाचकांचे काम बहुधा येथेच भागेल.

नियम कसा बांधावा

समजा, यंत्राची वरची हद्द ३.६ गिगाहर्ट्झ आहे. सर्वांत भोळा नियम असा सुचतो: ८५ अंशांच्या वर गेले की वेग २ गिगाहर्ट्झवर आणावा, खाली आले की पुन्हा ३.६ वर न्यावा. हा नियम चालवून पाहिला की तापमानाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागतो. कारण असे की चिपचा सिलिकॉनचा तुकडा अगदी लहान असतो आणि त्याचे तापमान क्षणार्धात चढते-उतरते, मात्र त्याच्यावर बसवलेल्या हीटसिंकला गरम किंवा गार व्हायला मिनिटे लागतात. वेग उतरवताच सेन्सरचा आकडा दहा अंशांनी कोसळतो आणि सारे आलबेल असल्याचा भास होतो, पण हीटसिंक अजून तापलेलाच असतो. वेग परत चढवताच आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी उडी मारतो. उतरलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये तो यासाठी.

म्हणून दोन वेगवेगळ्या मर्यादा ठेवाव्यात आणि त्यांच्यामध्ये शांततेचा पट्टा सोडावा. दर सेकंदाला तापमान वाचावे. ८५ अंशांच्या वर असेल तर छप्पर २०० मेगाहर्ट्झने उतरवावे. ७५ ते ८५ च्या दरम्यान असेल तर कशालाही हात लावू नये. ७५ च्या खाली सलग १५ सेकंद राहिले तरच १०० मेगाहर्ट्झने चढवावे आणि पंधरा सेकंदांची मोजणी नव्याने सुरू करावी. उतरताना मोठी पावले आणि लगेच, चढताना लहान पावले आणि थांबत थांबत, असे हे सूत्र आहे. पट्टा निदान सात-आठ अंशांचा तरी असावा. एका पावलाने तापमान जितके बदलते त्याच्यापेक्षा तो अरुंद असेल तर हेलकावे परत येतात.

यावर तीन जोडकामे करावी लागतात. पहिले म्हणजे आणीबाणीची मर्यादा: ९२ अंशांच्या वर एकही वाचन आले तर पायऱ्या न मोजता थेट तळाच्या वेगावर जावे. चढवण्याचा निर्णय घेताना शेवटच्या तीन-चार वाचनांपैकी मोठे वाचन धरावे, पण आणीबाणीसाठी नेहमी ताजे, कच्चे वाचनच वापरावे, कारण सरासरी काढत बसल्यास नेमक्या घाईच्या क्षणी उशीर होतो. दुसरे म्हणजे तळ. नेहमीच्या नियमाने वेग, समजा, १.२ गिगाहर्ट्झच्या खाली नेऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे तेथून पुढे फायदा थोडा आणि खोळंबा फार. तिसरे म्हणजे निवांतपणा. यंत्र बराच वेळ रिकामे राहिले आणि ६० अंशांच्या खाली अर्धे मिनिट टिकले, तर हीटसिंकही गार झाला असे समजून छप्पर एकदम पूर्ण उघडावे, नाहीतर कामावर परतलेल्या माणसाला यंत्र विनाकारण मंद वाटते.

सेन्सरची फाइल वाचता आली नाही किंवा शून्य, ऋण अथवा १५० असा अशक्य आकडा आला, तर मागचा वेग तसाच चालू ठेवण्याऐवजी मधल्या एखाद्या सुरक्षित वेगावर यावे. आणि स्क्रिप्ट कोणत्याही कारणाने थांबली तरी मूळ छप्पर परत लिहिले जाईल अशी तजवीज सुरुवातीलाच करावी. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये ही तजवीज नव्हती. चाचणी चालू असताना मी ती मध्येच तोडली आणि पुढचे दोन दिवस संगणक सर्वांत खालच्या वेगावर का रखडतो आहे याचा शोध भलत्याच ठिकाणी घेत बसलो.

पायऱ्यांऐवजी प्रमाण

याहून सफाईदार नियंत्रण हवे असेल तर पायऱ्यांऐवजी प्रमाण वापरता येते. लक्ष्य ८० अंश ठरवावे आणि तापमान त्याच्या वर जितके अंश असेल तितके पन्नास-पन्नास मेगाहर्ट्झ कमाल वेगातून वजा करावेत. हा नियम गुळगुळीत चालतो, पण लक्ष्यावर कधीच पोहोचत नाही. समतोलासाठी ४०० मेगाहर्ट्झ कमी करणे गरजेचे असेल, तर ते होण्यासाठी तापमान लक्ष्याच्या ८ अंश वर, म्हणजे ८८ वर, टिकून राहावे लागते. ही तूट भरून काढण्यासाठी मागील फरकांची बेरीज ठेवून तिचाही छोटा वाटा वजाबाकीत घालतात. त्या बेरजेला दोन्ही बाजूंनी कुंपण घालणे मात्र अत्यावश्यक आहे. तासभर रिकाम्या यंत्रावर ऋण फरक साचत गेला, तर भार येताच तापमान लक्ष्य ओलांडून गेले तरी नियंत्रक त्या जुन्या साठ्याच्या जोरावर वेग उतरवायला नकार देतो.

कर्नलमध्ये हे सारे काही प्रमाणात तयार मिळते. स्टेप वाइज नावाचा थर्मल गव्हर्नर तापमानाचा कल पाहून एकेक पायरी उतरतो-चढतो, आणि २०१५ मधील कर्नल ४.२ पासून असलेला पॉवर अ‍ॅलोकेटर वरच्यासारखेच प्रमाण आणि बेरीज वापरून विजेचे वाटप करतो. स्वतःचा बोर्ड बनवणाऱ्याने स्क्रिप्टपेक्षा डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये, पॅसिव्ह प्रकारचे ट्रिप पॉइंट (वेग उतरवायला लावणाऱ्या तापमान-मर्यादा) आणि त्यांचे हिस्टेरेसिस (वर सांगितलेला शांततेचा पट्टा) लिहिणेच योग्य. इंटेलच्या लॅपटॉपवर तापमान सांभाळणारी थर्मलडी ही सेवा पाहावी. परंतु थर्मलडी, टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम आणि स्वतःची स्क्रिप्ट असे तिघे एकाच वेळी ठेवू नयेत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. कर्नलची स्वतःची थर्मल मर्यादा आणि वापरकर्त्याचे छप्पर यांपैकी जी खाली असेल ती लागू होते, त्यामुळे त्यांचे भांडण होत नाही. दोन प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये लिहू लागले तर मात्र शेवटी लिहिणाऱ्याचेच चालते.

पारखून पाहणे

चाचणीसाठी स्ट्रेस-एनजी सारख्या प्रोग्रॅमने सर्व कोअरांवर निदान वीस मिनिटे भार टाकावा. पाच मिनिटांत हीटसिंक पुरता तापत नाही आणि निष्कर्ष फसवे निघतात. दर सेकंदाचे तापमान, छप्पर आणि प्रत्यक्ष वेग एका फाइलमध्ये नोंदवत जावे, खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. प्रत्यक्ष वेगासाठी टर्बोस्टॅट हा प्रोग्रॅम वापरावा, कारण मागितलेला वेग आणि चिपने खरोखर दिलेला वेग एकच असेल असे नाही. इंटेलच्या यंत्रावर प्रत्येक सीपीयूच्या डिरेक्टरीत थर्मल थ्रॉटल नावाच्या जागी हार्डवेअरने स्वतःहून किती वेळा वेग कापला याची मोजणी मिळते. चाचणीपूर्वी आणि नंतर ती वाचावी. आपला नियम नीट बसला असेल तर ती वाढलेली नसते. वाढली असेल तर वरची मर्यादा दोन-तीन अंशांनी खाली आणावी, आणि आलेखात दाते दिसत असतील तर पट्टा रुंद करावा किंवा चढण्याचा थांबा लांबवावा. एका वेळी एकच आकडा बदलावा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फर्मवेअर (बोर्डात भरलेला मूळ प्रोग्रॅम) स्वतःच ८० अंशांपासून वेग कापू लागते आणि ८५ ही पक्की मर्यादा असते. ३बी+ या मॉडेलमध्ये तर ६० अंशांनाच वेग १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. तेथे व्हीसीजेनसीएमडी या प्रोग्रॅमला गेट थ्रॉटल्ड असे विचारल्यास शून्य हे उत्तर सुखरूप असल्याची खूण आहे. शून्य नसेल तर बिट पाहावेत: शून्यावा बिट कमी व्होल्टेजचा, पहिला वेगावर मर्यादा आल्याचा, दुसरा वेग कापला जात असल्याचा, तिसरा मवाळ तापमान-मर्यादेचा, आणि १६ ते १९ हे बिट तेच प्रसंग सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेल्याचे सांगतात. मंद चालणाऱ्या पायचा दोष उष्णतेला देण्याआधी शून्यावा बिट जरूर पाहावा. कित्येकदा गुन्हेगार अशक्त चार्जर असतो.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅनमधील प्रोसेसरची कमाल टक्केवारी ९९ केल्यास अनेक यंत्रांत टर्बो बंद होतो. तो कायमचा लगाम आहे, तापमानाला दिलेला प्रतिसाद नव्हे, पण तातडीच्या वेळी उपयोगी पडतो.

लिनक्सवरची स्क्रिप्ट आकडे पक्के झाल्यावर सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची सेवा म्हणून बसवावी आणि ती कोसळल्यास आपोआप पुन्हा सुरू होईल अशी नोंद करावी. यंत्र झोपेतून उठल्यावर किंवा एखादा कोअर बंद-चालू झाल्यावर छप्पर मूळ आकड्यावर गेलेले असू शकते, म्हणून बदल करायचा नसला तरी दर मिनिटाला फाइलमधील आकडा वाचून तो आपल्या नोंदीशी ताडून पाहावा आणि जुळत नसेल तर पुन्हा लिहावा.